सासूबाईंची गाडी अडते

त्या संध्याकाळी जावईबापूंनी नेहमीप्रमाणे चहा घेऊन वर्तमानपत्रात डोकं घातलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण वर्तमानपत्र शेजाऱ्यांनी वाचायला नेलं होतं आणि त्यामुळे कान रिकामे होते. त्या रिकाम्या कानांवर आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "गेलं बाई नेट. अडकली माझी गाडी. जा तू पुढे. जिंकलास."

आवाजात तक्रार नव्हती, चिडचिड नव्हती. नुसतंच आपलं 'जिंकलास'. तक्रार असती तर जावईबापूंनी ती एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिली असती (संसारात त्यांनी एवढी एक विद्या नीट आत्मसात केली होती). पण हे शांतपणे हरणं त्यांच्या काळजाला लागलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मनाशी ठरवलं, की या घरचं नेट आपण सुधारायचं.

जावईबापू हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाई मुलीकडे राहायला आल्या आणि दिवसातून इतक्या वेळा, इतक्या अदबीने ही हाक मारू लागल्या, की दूधवाला, इस्त्रीवाला आणि समोरच्या घरातले आजोबा, सगळेच त्यांना त्याच नावाने ओळखायला लागले. बायको तेवढी अजून 'अहो'वर टिकून होती.

एका दातांच्या दवाखान्याच्या तळघरात जावईबापू कवळ्या बनवत. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी घडवलेली कवळी लावून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी म्हणे पहिल्याच दिवशी शेजाऱ्याशी कडाडून भांडण केलं होतं आणि एक शब्दसुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. पण घरात शिरताना ते चपलांबरोबर हे कसबही दाराबाहेर काढून येत. घरात त्यांनी नळ दुरुस्त केला की प्लंबरला बोलवावं लागे, आणि खुर्ची दुरुस्त केली की डॉक्टरला.

आता सासूबाईंच्या गाडीबद्दल सांगायला हवं. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. सासरे होते तेव्हा दारात गाडी असे, पण तिची किल्ली सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात. 'मला शिकवा ना' म्हटलं की 'शिकवू, शिकवू, घाई काय आहे' असं म्हणत खिशावर हात ठेवून ते बाहेर पडत. त्या 'शिकवू'तच गाडी विकली गेली आणि पुढे सासरेही गेले. उलट सासूबाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे बायकोचे मामा, जन्मभर बसचे ड्रायव्हर. घाटात समोरून ट्रक आला तर ट्रकनेच मागे जावं, असा त्यांचा दरारा. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून उठले, पण उजवा हात जड राहिला. ते लांब दुसऱ्या गावी मुलाजवळ राहत. बहीण-भावाची भेट होणं अवघड, म्हणून मामांच्या सुनेने दोघांना फोनवर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ शिकवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सासूबाई मांडीवर टॅब घेऊन बसत, तिकडे मामा फोन घेऊन बसत आणि दोघांच्या गाड्या डोंगरातून, समुद्राकाठून, कुठल्या कुठल्या परक्या शहरांतून सुसाट सुटत. खेळता खेळता बोलताही येत असे. त्यामुळे मामांचा बस-स्टँडवर कमावलेला आवाज घरभर घुमे. आणि दर वेळी शेवटचं वळण आलं, की सासूबाईंची गाडी अडे.

जावईबापू खोलीच्या दाराशी गेले आणि म्हणाले, की आई, नेटचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका. सासूबाई दचकल्याच. टॅब खाली ठेवून त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. चालतंय की."

इथेच घोटाळा झाला. गेली कित्येक वर्षं सासू-जावयाचं सगळं बोलणं या 'राहू द्या'वर चाललं होतं. चहा विचारला की सासूबाई 'राहू द्या' म्हणत, याचा अर्थ साखर कमी घाला. पंखा लावू का, 'राहू द्या', म्हणजे लावा. तेव्हा जावईबापूंनी या 'राहू द्या'चाही नेहमीच्या रीतीने अर्थ लावला आणि कामाला लागले.

पहिल्यांदा त्यांनी कंपनीला फोन करून जास्त वेगाचं नेट घेतलं. त्याने काही फरक पडला नाही. गाडी आता जास्त वेगाने शेवटच्या वळणापर्यंत जाई आणि तिथे अडे. मग नेटवाला आला. तो इतक्या घाईत होता की चपला न काढता उंबऱ्यावरूनच बोलला. त्याने सांगितलं, की खेळाला नुसता वेग कामाचा नाही, पिंग कमी पाहिजे. पिंग म्हणजे काय, तर आपण इकडून हाक मारायची आणि तिकडून 'ओ' यायला किती वेळ लागतो ते. एवढं सांगून तो गेला.

जावईबापूंनी संध्याकाळी मोठ्या उत्साहाने हे बायकोला समजावलं. बायको शाळेत गणित शिकवत असे आणि त्या वेळी उत्तरपत्रिका तपासत होती. ती मान वर न करता म्हणाली, की कळलं, तुमचा पिंग फार जास्त आहे. दुपारी गॅस संपला म्हणून हाक मारली होती, 'ओ' अजून यायचाय.

नेटची डबी, म्हणजे राउटर, बाहेरच्या दाराजवळ चपलांच्या कपाटावर होती. नेटवाल्याची वायर तिथे संपली म्हणून त्याने ती तिथेच बसवून टाकली होती. सासूबाईंची खोली घराच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये पॅसेज, न्हाणीघर, फ्रिज आणि (जावईबापूंच्या हिशेबाने) बायकोचं गोदरेजच्या तोलाचं एक लोखंडी कपाट. या सगळ्यांना वळसा घालून नेट बिचारं पोचणार तरी कसं? म्हणून जावईबापूंनी डबी फ्रिजवर ठेवून पाहिली, कपडे वाळवायच्या दांडीला टांगून पाहिली, शेवटी शिडी चढून पंख्याच्या हुकाला बांधली. त्या रात्री पंखा बंद असल्यामुळे सगळे घामाघूम झाले, पण नेट तसंच.

पुढे त्यांनी कुठेतरी वाचलं, की नेटच्या लहरी धातूवर आपटून वळतात. दुसऱ्या दिवशी बायको शाळेतून आली तेव्हा पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना घरातली यच्चयावत स्टीलची ताटं भिंतीला टेकवून ओळीने उभी होती. कोणी मंत्री येणार असल्यासारखी. जावईबापू एकेक ताट तिरकं करून, डोळा बारीक करून नेटला वाट दाखवत होते. रात्रीचं जेवण बायकोने वाट्यांत वाढलं आणि ताटं कुठे आहेत असं विचारायचं जावईबापूंना धाडस झालं नाही.

सासूबाईंनी मधून मधून सांगून पाहिलं. जावईबापू, कशाला त्रास घेता. जावईबापू, मला काही वाटत नाही हरल्याचं. त्या जितकं सांगत तितका जावईबापूंना हुरूप येई. केवढा हा समजूतदारपणा, त्यांना वाटे. आपल्याच घरात, आपल्या डोळ्यांदेखत ही माउली रोज हरते आणि तक्रारीचा शब्द नाही.

शेवटी ते तळघरातल्या टेबलाशी बसून, समोर कोणाचा तरी वरचा जबडा घेऊन विचार करत असताना त्यांना उपाय सुचला. हवेतून नेट पाठवायचंच कशाला? सरळ वायर न्यायची. चपलांच्या कपाटापासून पॅसेजमधून सासूबाईंच्या खोलीपर्यंत, आणि तिथे दुसरी डबी बसवायची. खोलीच्या भिंतीला एक भोक पाडलं की झालं. आणि भोकं पाडण्यात तर आपला हातखंडा.

रविवारी बायको आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी घेऊन गेली. घर मोकळं मिळालं. जावईबापूंनी कामावरचं दातांचं छोटं ड्रिल घरी आणलं होतं. त्यांनी भिंतीत इतकं सुबक, इतकं गोल भोक पाडलं, की दंतवैद्यानेही मान डोलावली असती. मुंगीला आरामात जाता आलं असतं. वायर मात्र जाईना, आणि भोक तसंही भिंतीच्या पोटातच संपलं होतं. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या सुताराकडून त्याचं मोठं ड्रिल आणलं. सुतार म्हणाला, की मी येऊन पाडून देतो. जावईबापू म्हणाले, राहू द्या.

मोठं ड्रिल हातात आल्यावर माणसाच्या अंगात काहीतरी संचारतं. पॅसेजच्या बाजूने त्यांनी जोर लावला. धूळ उडाली, भिंत थरथरली, शेजाऱ्यांनी त्यांच्या बाजूने ठोकून निषेध केला, आणि एकदाचं ड्रिल भसकन आरपार गेलं. जावईबापू आनंदाने पलीकडच्या खोलीत बघायला गेले आणि दारातच खिळले.

त्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. लाकडी फळीवर चिकटवलेला, लॅमिनेट केलेला, कमरेपर्यंतचा मोठा फोटो. ड्रिलचं टोक बरोबर सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशातून बाहेर आलं होतं.

फोटो काढून लपवावा, तर तो ड्रिलवर अडकलेला. ड्रिल काढावं, तर ते भिंतीत अडकलेलं. जावईबापूंनी दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं. पॅसेजमध्ये जाऊन ड्रिल ओढलं की इकडे सासरे मान हलवत. अखेर ड्रिल सुटलं तेव्हा ते पाठीवर पडले आणि त्याच क्षणी दारात किल्ली फिरली.

सासूबाई काठी टेकत आत आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झालेल्या जावयाकडे त्यांनी पाहिलं, मग आपल्या खोलीत जाऊन फोटोकडे पाहिलं. मागून बायको आली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. आजवर जावईबापूंनी जे जे बिघडवलं होतं ते सगळं कोणीतरी दुरुस्त करून दिलं होतं. हे कोण करून देणार?

सासूबाई पलंगावर बसल्या. बराच वेळ त्या फोटोच्या खिशाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यातूनच येणार का वायर?"

जावईबापू घाईघाईने म्हणाले, की नाही नाही, मी फोटो दुसरीकडे लावतो, नवीन करून आणतो, भोक बुजवतो.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "याच खिशात असायची किल्ली. येऊ दे वायर तिथूनच. यांनी आता तरी काढून द्यावी."

आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तोही धुळीने भरला. बायको झाडू आणायला गेली. झाडू घेऊन ती फार उशिरा परत आली, आणि तिचे डोळे लाल होते. धूळ फार उडाली होती, असं ती म्हणाली.

नेटवाला दुसरी डबी जोडायला आला, तेव्हा त्याने खिशातून बाहेर आलेली वायर पाहिली आणि घाई विसरून क्षणभर उभा राहिला. हे कोणी केलं, असं त्याने विचारलं. 'घरच्यांनीच' असं बायको म्हणाली. त्याने डबी जोडली, आणि नेट असं चालायला लागलं की विचारता सोय नाही. हाक मारायच्या आत 'ओ'.

संध्याकाळी शर्यत सुरू झाली. जावईबापू खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसले. सासूबाईंची गाडी समुद्राकाठून निघाली ती वाऱ्यासारखी. त्यांचे डोळे चमकत होते, ओठ मिटलेले, आणि प्रत्येक वळणाला त्या स्वतःही टॅबबरोबर कलत होत्या. शेवटचं वळण आलं. जावईबापूंनी श्वास रोखला. गाडी अडली नाही. झुळकन वळली आणि मामांना कुठल्या कुठे मागे टाकून रेषा ओलांडून गेली. जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या.

तिकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "छान चालवलीस, ताई. हात दुखतोय आज. ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मामा खेळायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंनी फोन केला तर सुनेने सांगितलं, की झोपलेत. संध्याकाळी घर कधी नव्हे इतकं शांत होऊ लागलं. नवी डबी हिरवे दिवे मिचकावत बसे आणि सासूबाई टॅब न उघडता तिच्याकडे बघत बसत. जावईबापूंना वाटलं, की नेट पुन्हा बिघडलं. ते शिडी आणायला निघाले तेव्हा सासूबाईंनी त्यांना हाक मारली आणि समोर बसायला सांगितलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. नेट कधी फारसं वाईट नव्हतंच. मधून मधून अडे, पण शेवटच्या वळणावर अडायचं ते त्या स्वतः अडवत. डॉक्टरांनी मामांना सांगितलं होतं, की बोटं हलती राहिली पाहिजेत, नाहीतर हात कायमचा जाईल. व्यायाम म्हटला की मामा चिडत. शर्यत म्हटली की तासन् तास खेळत. पण हरले की फोन बाजूला ठेवून देत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. जन्मभर बस चालवलेला माणूस, ताईकडून हरणार? म्हणून सासूबाई दर वेळी थोडं पुढे जात, आणि शेवटी नेटच्या नावाने गाडी थांबवत.

जावईबापूंच्या डोळ्यांपुढून ताटं गेली, शिडी गेली, ड्रिल गेलं. "पण मग त्या दिवशी तुम्ही जिंकलात कशा?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी मान खाली घातली. "गाडी इतकी छान पळत होती हो. मला ब्रेक सापडेचना." मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू? शोधलाच नाही."

'तुम्ही मला सांगितलं का नाहीत' असं विचारणार तेवढ्यात जावईबापूंना आठवलं, की सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. माणूस आयुष्यभर एकाच घरात 'राहू द्या' ऐकतो आणि एकदाच त्याचा अर्थ खरोखरचा 'राहू द्या' असतो, तेव्हा नेमकं त्याच्या हातात ड्रिल असतं.

त्यांनी सासूबाईंना शब्द दिला, की मी नेट पूर्वीसारखं करून देतो. ते इतकं सोपं नव्हतं. जन्मभर त्यांनी हात लावला की वस्तू बिघडली होती, पण हे नेट काही केल्या बिघडेना. डबीवर उशी ठेवली, ती बादलीखाली झाकली, तिच्यासमोर पुन्हा ताटं उभी केली. नेट आपलं ठणठणीत. शेवटी सासू-जावयाने मिळून एक बेत ठरवला. मामा पुन्हा खेळायला आलेच, तर जावईबापूंनी दाराजवळ चपलांच्या कपाटाशी उभं राहायचं. शेवटचं वळण आलं की सासूबाई खोकतील. खोकला ऐकला की जावईबापूंनी वायर उपसायची. बायकोने हे कुजबुजणं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, की तुम्ही दोघांनी मिळून काही करू नये असं मला वाटतं. पण दोघं इतक्या वर्षांत प्रथमच अशी एका पलंगावर बसून बोलत होती, की ती उत्तरपत्रिका घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

आठवड्याने मामा पुन्हा खेळायला आले. आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता. "चल ताई, काढ गाडी," ते म्हणाले.

शर्यत सुरू झाली. जावईबापू कपाटाशी वायरला हात घालून सज्ज उभे राहिले. तिथून त्यांना दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. त्यामुळे आत काय चाललंय ते त्यांना कळलं नाही. आत मामा गाडी चालवत होते, आणि ती अशी की सासूबाई बघतच राहिल्या. बोगद्यातून, अरुंद पुलावरून, कुठे न घासता, घाटातली बस न्यावी तशी. सासूबाईंनी सगळा जीव ओतला तरी मामांची गाडी पुढेच. त्यांना खोकायची गरजच उरली नव्हती. त्या हरत होत्या, अगदी खऱ्याखुऱ्या हरत होत्या, आणि आनंदाने त्यांचा श्वास वर अडकला होता. तो अडकलेला श्वास सोडताना त्यांना ठसका लागला.

जावईबापूंनी वायर उपसली. अशा भक्तिभावाने उपसली, की वायर तर आलीच, पण पलीकडे दुसरी डबी टेबलावरून उडाली आणि सासऱ्यांच्या खिशावर आदळून लोंबकळत राहिली. टॅबवर गाड्या थिजल्या. मग अक्षरं आली, की शर्यत रद्द झाली आहे.

जावईबापू वायर हातात घेऊन, काम फत्ते झालं अशा चेहऱ्याने खोलीत आले आणि सासूबाईंचा चेहरा बघून थांबले. तेवढ्यात साधा फोन वाजला. सासूबाईंनी तो उचलून सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"ताई, नेट गेलं?"

"गेलं रे."

"गेलं, की जावईबापूंनी घालवलं?"

जावईबापूंनी वायर पाठीमागे लपवली, जणू फोनमधून दिसणार होती.

"मी जिंकत होतो," मामा म्हणाले.

"जिंकत होतास."

"खरंच?"

"तुझी शपथ. मी ब्रेकला हातसुद्धा लावला नव्हता."

"मग झालं तर," मामा म्हणाले, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "मग रद्द होऊ दे."

मग तेही मोकळे झाले. त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं, जावईबापूंची नेटची खटपटसुद्धा ताईच्या टॅबमधून रोज ऐकू येत होती. नेट जातं तेव्हा गाडी जागच्या जागी थिजते, ते म्हणाले. ताईची गाडी थिजायची नाही, तिचे मागचे लाल दिवे लागायचे. जन्मभर पुढच्या गाडीचे दिवे बघत बस हाकली, तेवढं कळणार नाही? पण ताई इतकी मेहनत घेऊन हरायची, की तिला सांगवेना. तिला बरं वाटावं म्हणून ते जिंकत राहिले. मग गेल्या खेपेला ती खरीखुरी जिंकली, आणि त्यांना कळलं की ती किती पुढे गेली आहे. राग आला, पण स्वतःचा. म्हणून आठवडाभर ते अनोळखी पोरांशी खेळत होते. त्या पोरांनी त्यांना धुऊन काढलं. पण अंगठा आता वळत होता. सून म्हणाली होती, की काल त्यांनी स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणं लावली.

सासूबाईंनी नुसता फोनवर हात ठेवला, पाठीवर ठेवावा तसा.

डबी पुन्हा टेबलावर गेली. वायर पुन्हा जोडली गेली (बायकोने जोडली). मामांचं एवढंच म्हणणं होतं, की आता जावईबापूंनीही खेळायचं. माणूस खेळात असला की वायरीपाशी नसतो. जावईबापू नको नको म्हणत होते, पण आतून सुखावले होते. ज्या बोटांनी आपण इतकी नाजूक कामं करतो त्यांना हे काय जड, असंही त्यांना वाटत होतं. बायकोच्या फोनवर त्यांना एक पिवळी गाडी मिळाली.

शर्यत सुटली. पिवळी गाडी आधी हातगाड्यांच्या रांगेत शिरली, मग एका कारंज्यात, मग बाहेर येऊन उलट्या दिशेने लागली. ती सुलटी करताना तिने आणखी दोन गाड्यांना उलटं केलं. बहीण-भाऊ हां हां म्हणता शेवटपर्यंत पोचले आणि एकमेकांना काहीही न सांगता रेषेच्या अलीकडे थांबले. घरी बोलावलेला पाहुणा यायचा राहिला असावा तसे. "या, जावईबापू, सावकाश या," मामा म्हणाले. "आम्ही आहोत इथे," सासूबाई म्हणाल्या. जावईबापू निकराने बोटं चालवत होते. बायको उत्तरपत्रिका सोडून त्यांच्या खांद्यावरून बघत होती आणि तिने तोंडावर हात धरला होता. पिवळी गाडी एका दुकानात शिरली आणि बाहेर आली नाही. दोघं तशीच वाट बघत उभी राहिली, आणि वेळ संपली.

कोणीच जिंकलं नाही. जावईबापू घाम पुसत पाणी प्यायला गेले. ते स्वयंपाकघरात पोचले असतील अशा समजुतीने मामांनी आवाज खाली आणला. आणला म्हणजे मामांच्या मानाने आणला, घरभर ऐकू आलंच.

"ताई," मामा काळजीने म्हणाले, "जावईबापूंचे हात बरे आहेत ना गं? त्यांनाही काही झटका वगैरे येऊन गेला का?"

"नाही रे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ते पहिल्यापासून तसेच आहेत."